अठरा शतांश

थोरल्या भावाचं लेथ मी खोललं ते नोव्हेंबरात,
वार्काउसच्या तलावावरचा बर्फ अजून माणूस पेलत नव्हता तेव्हा.
तसं लहानच ते, दोघांनी उचलून टेबलावर ठेवण्याजोगं.
मी एकटीनं उचललं.
कंबर अजून हिशेब मागतेय.

एन्सिओनं चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत लोखंड कातलं,
मी त्याच गिरणीत वायरी ओढल्या.
टूलची धार गेली हे तो आवाजावरून सांगायचा.
मला मीटर लावल्याशिवाय खरं वाटत नाही,
अगदी ताप आला तरी.
आमच्यातलं भांडण म्हणाल तर एवढंच,
आणि ते आई होती तेव्हापासूनचं.

आडव्या स्लाइडची मूठ काढली.
त्याला तीन पाने लागले, एक हातोडा
आणि एक शिवी, जी मी शेजारच्या चर्चची घंटा थांबेपर्यंत रोखून धरली.
मुठीचं काळं प्लास्टिक एका अंगानं गुळगुळीत झिजलेलं,
त्यात त्याच्या अंगठ्याच्या मापाचा खळगा.

तिच्या जागी पत्र्याचा कंस, दातेरी पट्टा,
आणि कॉफीच्या मगाएवढी मोटर.
एका फेऱ्यात मोजून दोनशे पावलं टाकते.
ओझं जास्त झालं तर पाऊल चुकते,
आणि चुकलं हे कुणाला सांगत नाही.
(असा एक फोरमन होता आमचा.)
कंट्रोलर पावाच्या जुन्या डब्यात बसवला.
दोन रात्री स्लाइड उलटीच पळत होती,
पुढे म्हटलं की मागे.
तिसऱ्या रात्री दोन तारांची अदलाबदल केली.
सुतासारखी सरळ आली.

रविवारी एन्सिओ आला.
बूट झटकले, टोपी काढली, बोलला नाही.
त्याचा उजवा हात आपला आपण पुढे गेला,
जिथं मूठ असायची तिथं,
आणि हवेतच अर्धा फेरा फिरला.

मी पितळेची कांडी चकमध्ये आवळली.
सौनाच्या भट्टीच्या दाराला गोल गुंडी करायची होती.
बटण दाबलं.
कीस सोनेरी उडत राहिला, आम्ही दोघं हात मागे बांधून उभे,
पाहुण्यांसारखे.
गोळा झाला. पण पोटावर एक चपटा पट्टा,
जणू कुणी त्याला कमरेला घट्ट बांधलं होतं.

“स्क्रू झिजलाय,” तो म्हणाला.
“उलट फिरवला की आधी थोडा रिकामाच फिरतो.
मी तेवढं हातानं खायचो.”
“किती?”
त्यानं पट्टा चिमटीत धरला, पुढे-मागे, पुढे-मागे,
डोळे खिडकीबाहेर, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.
“अठरा.”
“अठरा काय?”
“शतांश. मिलिमीटरचे.” जसं काही मी दूध किती घालू विचारलं होतं.

मी अर्थातच डायल लावला.
काटा सतरावर थांबला.
टिचकी मारली, तरी सतरा.
एन्सिओ कॉफी ओतत होता, त्यानं वळूनही पाहिलं नाही.

प्रोग्राममध्ये एक चौकट असते अशाच रिकाम्या फिरण्यासाठी.
चाळीस वर्षं त्याचं मनगट जे कुणाला न सांगता भरत आलं
ते तिथं दोन आकड्यांत मावतं.
मी अठरा लिहिले.
का, ते विचारू नका. मलाही मीटर लावून सांगता येणार नाही.

दुसरा गोळा त्यानं ओठाखाली फिरवून पाहिला,
पट्टा शोधत. हनुवटीच्या कातडीला बोटांपेक्षा जास्त कळतं म्हणे.
“चालेल,” म्हणाला.
आमच्या घरात याहून मोठा शब्द नाही.

निघताना विचारलं, “मुठीचं काय करणार आहेस?”
मी खांदे उडवले.
अंधार पडला होता, साडेतीनच वाजले होते.
तो फाटकाबाहेर पडला तेव्हा
त्याच्या कोटाचा उजवा खिसा खाली ओढलेला होता,
आणि तो त्या बाजूला किंचित कलून चालत होता
बर्फावरून, सावकाश.