चौसष्ट

पहाटे साडेपाच. म्हसा गावाबाहेर
कापणी झालेल्या खाचरात एकवीस घोडी.
धुकं कमरेइतकं, त्यामुळे घोड्यांना पाय नाहीत.
माझ्या घोडीच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलंय: सतरा.

तिचं नाव सुपारी.
उल्हासनगरात नऊ मोसम तिनं नवरदेव वाहिले,
घामेजलेले, फेट्यात गुदमरलेले,
एक तर म्हणे पाठीवर झोपलाच होता.
कपाळावर तुरा, अंगावर आरसे,
मागून जनरेटरची हातगाडी.
विकत घेताना इस्माईल मोतद्दार म्हणाला,
"पळेल, बाई. पण खोड आधीच सांगतो:
वाजंत्री ऐकली की हिचं डोकं आपलं राहत नाही."
मी तिच्याबरोबर त्यालाही ठेवून घेतलं.

मी कल्याणात हृदयाचे आलेख काढते.
दिवसाला तीसेक छात्या, गार जेल, चिकटणाऱ्या वाट्या.
हलू नका, बोलू नका, शांत पडा,
आणि लोक पडतात, घाबरून, शांत.
घोडीला हे सांगता येत नाही.

ऐंशी किलोमीटर, तीन फेऱ्या.
प्रत्येक फेरीअखेर डॉक्टर निमकर नळी कानाला लावून उभे.
वीस मिनिटांत ठोके चौसष्टवर आले पाहिजेत,
नाहीतर खोगीर उतरवा.
कोण पुढे, कोण मागे, ते नंतर.
आधी घोड्याला विचारायचं.

पहिली फेरी दुडकीनं, वालाच्या वाफ्यांमधून,
गोरखगड कधी डाव्या खांद्याला, कधी उजव्या.
रिकिबीत उभी राहून मी माझं वजन
तिच्या पाठीवरून उचलत राहिले, जमेल तेवढं.
आठ नंबरचा अरबी शेजारून गेला,
त्याचा स्वार "नमस्कार" म्हणाला आणि दिसेनासा झाला.
चौपन्न.
दुसरी फेरी, ऊन. साठ.
हिरडीवर अंगठा दाबला, गुलाबी रंग लगेच परतला.
इस्माईल बादल्या ओतत म्हणाला, "बोललो नव्हतो?"

मग धसईच्या अलीकडे, वळणावर, बेंजो.

नवरदेव उघड्या जीपमध्ये. पुढे पोरं नाचतायत.
सुपारीचे कान एकमेकांना टेकले.
मी लगाम आखडला, टाच दिली, शिवी दिली.
ती तिरकी चालत थेट जीपसमोर गेली
आणि गुडघे छातीशी घेत नाचू लागली,
पाठीवर हेल्मेटातली, धुळीनं माखलेली,
सत्तेचाळीस वर्षांची बाई घेऊन.
पोरांनी शिट्ट्या मारल्या. बेंजोवाल्यानं चाल बदलली.
कुणीतरी दहाची नोट ओवाळून लगामात खोचली.
घड्याळात सहा मिनिटं गेली.
खरं सांगायचं तर पहिली दोन तिची होती,
उरलेली चार मी थांबवू शकले असते.

शेवटच्या तपासणीला बहात्तर.
पाणी मानेवर, पाणी पायांमधे, ओलं गोणपाट.
अडुसष्ट.
मी तिच्या नाकाशी उभी, स्वतःचा श्वास लांबवत,
जणू तो तिला लागेल.
सहासष्ट. पुन्हा सहासष्ट.
सुपारी लांबवर कुठंतरी ऐकत होती,
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
विसावं मिनिट. डॉक्टरांनी नळी कानातून काढली,
गळ्यात अडकवली, कार्डावर रेघ ओढली.
"घोडी ठणठणीत आहे हो. फक्त आत काहीतरी चालू आहे."
मी रोज हेच वाक्य वेगळ्या शब्दांत छापून देते.

टेंपोत ती उभ्यानं डुलक्या घेत आली.
रात्री तबेल्यात चंदी चघळताना
कोपराच्या मागे कान टेकवला:
अडतीस. सावकाश, दार वाजवून कुणी थांबावं तसे.
वीस मिनिटांत न आलेले आकडे
आता फुकट येत होते.

लगाम पुसताना ओली नोट सापडली.
मी ती देवळीत ठेवणार होते, आठवण म्हणून.
इस्माईलनं हात पुढे केला.
"वरातीचं घोडीला आलेलं मोतद्दाराचं असतं, बाई.
रिवाज आहे."