दोन नंबरचं बटण

आमच्या चौकीत कॉम्प्युटर तीन आणि मॉनिटर एक.
दुसरा होता, तो सोनुनबेकच्या चहानं गेला.
नव्याचा अर्ज नारिनच्या कचेरीत आहे,
अर्जाचा हा तिसरा हिवाळा.
तोवर ही काळी डबी, साबणाच्या वडीएवढी:
एक दाबलं की उतारावरच्या बर्फाचं वजन,
दोन दाबलं की खिंडीतला वारा,
तीन दाबलं की जुन्या नोंदी,
ज्यांत कोसळलेल्या प्रत्येक कड्याला तारीख आहे
आणि काही तारखांना नावं.

काल रात्री सव्वादोनला मी दोन दाबलं
आणि काहीच नाही.
काळ्या पडद्यावर "सिग्नल नाही" एवढी एक चौकट
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
खिडकी न सापडलेल्या माशीसारखी.

खाली फाटकाशी अकरा ट्रक.
पहिल्यात तेमिरलान, पाठीशी कांदे,
दर दहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर:
"बुरुल एजे, सोडतेस का?"
थांब म्हटलं. वाऱ्याचं तोंड दिसत नाहीये.

वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली.
हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं.
मॉनिटरच्या कानशिलात एक हलकी चापट.
एक दाबलं: बर्फ आहे.
तीन दाबलं: मेलेले आहेत.
दोन: माशी.

शेवटी नारिनमध्ये कानिशायला उठवलं.
आधी तिचं बाळ उठलं, मग ती.
म्हणाली, कीबोर्डवरचं नमलॉक दाब.
हिरवा ठिपका लागला, विझला, लागला.
"जिवंत आहे. ऐकतंय.
आता डबी बाजूला ठेव, वायर थेट मॉनिटरला लाव
आणि त्याला पुन्हा उठव."
उठवलं. वारा दिसला: उत्तरेचा, चढता.
म्हणजे वायर धड, मॉनिटर धड, यंत्रही धड,
घोडं अडलं होतं मधल्यामध्ये.

"मघा वीज लुकलुकली ना, तेव्हा ते पडलं आणि उठलं.
उठल्या उठल्या ते विचारतं,
समोर कोण आहे? केवढी रुंदी, केवढी उंची?
तू तेव्हा तीनवर होतीस, जुन्या नोंदींत.
डबी गप्प बसली.
त्याला वाटलं, कुणी बघत नाहीये,
मग चित्र काढायचं कुणासाठी?
मोजत राहिलं बिचारं. दाखवलं नाही, एवढंच."

बाळ पुन्हा रडलं. ती घाईनं म्हणाली,
"एक बूच पाठवते, अंगठ्याएवढं, मागे खोचून ठेव.
आत काही नसतं त्याच्या.
ते नुसतं म्हणत राहतं:
आहे, मी आहे, एवढी रुंद, एवढी उंच."

हे बूच माझ्या ओळखीचं आहे.
दर रविवारी आईचा फोन,
मेंढीचं दुखरं खूर, शेजारणीची नवी चूल,
वडिलांचा तो कोट आता कुणाला द्यावा;
माझा डोळा एकवर, बर्फाच्या आकड्यावर,
आणि तोंड म्हणतंय, हं. हं. हो का.
ती चित्र काढत जाते.
गेल्या रविवारी मध्येच थांबली.
म्हणाली, सांग बघू, कोट कुठल्या रंगाचा होता?
मी म्हणाले, हं.

ट्रक सोडले नाहीत.
तेमिरलाननं मला दोन शिव्या दिल्या, एक कांद्यांना.
पाचाला वारा बसला, साडेपाचला फाटक वर गेलं,
अकरा जोड दिवे वळणामागे एकेक करून विझले.

सोनुनबेक आठला येईल. वहीत त्याच्यासाठी लिहिलं:
दोन नंबर अंध नाही. आधी बटण दोनवर, मग यंत्र चालू.
कानिशायचं बूच येईपर्यंत असंच.

आणि त्याच्याच खाली, पेन उचललंच गेलं नाही म्हणून:
करडा. कॉलरला लोकर.
डाव्या खिशाला आईनं घातलेला हिरवा टाका.

विचारेल तो, हे काय?