पाणी: आहे

जुलै महिन्यात, लंडनमध्ये, एका लांबट टेबलावर
कास्पियन समुद्र पसरला होता.
गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर
दोन दौती, एक राखदाणी
आणि कुणाचं तरी चष्म्याचं घर.

साखर रेशनवर होती. चहात सॅकरिनच्या गोळ्या.
दर घोटामागे जिभेच्या मुळाशी जरासं कडू राहायचं.
त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. युद्ध होतं.

प्रश्न असा, की रुळांच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेकडेने,
दुसरं कुणी पोचायच्या आत आपण तिथे असावं का.
असावं, यावर एकमत.
किती जणांनी असावं, यात दुपार गेली.
एकाला दोन पलटणी हव्या होत्या,
दुसऱ्याकडे अर्धीच शिल्लक होती, तीही फ्रान्सला कबूल केलेली.
मग थ्रेलफॉल नावाचा कारकून ओणवा होऊन म्हणाला,
इथे एक ठिपका आहे, सर. आजीगुयी.

एका जुन्या प्रवाशाची वही मागवली.
ठिपक्यापुढे तिच्यात इतकंच होतं:
पाणी: आहे.

प्रवासी मार्चमध्ये गेला होता.
मार्चमध्ये डोंगरावरचं बर्फ उतरतं,
आणि विहिरीत वरवर गोड पाण्याची साय धरते,
महिना, फार तर दीड महिना.
हे वहीत नव्हतं. वहीत त्याच्या घोड्याचं नाव होतं.

तुर्कमेन बोलीत गुयी म्हणजे विहीर.
आजी म्हणजे कडू.
ज्यांनी खणली, त्यांनी नावातच सगळं सांगून ठेवलं होतं.

ओगुलबिके त्या विहिरीची राखण करायची.
एकोणतीस वाव दोर, टोकाला उंटाच्या कातड्याची पोहरी.
रोज पहाटे ती एक थेंब जिभेवर घ्यायची, थुंकायची,
आणि मग ठरवायची:
आज मेंढ्या पितील, आज फक्त उंट,
आज कुणीच नाही.
माणसांसाठीचं पाणी अर्ध्या दिवसाच्या वाटेवरून यायचं.
टेबलावर ती वाट नव्हती.

सप्टेंबरात तेवीस जण आले.
पुढे गोरा साहेब, ओठ फुटलेला.
दुभाष्या दोन मुक्कामांमागे तापाने पडलेला.
साहेबाने नकाशा बघितला, विहीर बघितली,
नकाशा बरोबर निघाला म्हणून त्याला बरं वाटलं.

पोहरीला पहिला हात घातला सटवाजीने.
सॅपर, सातारच्या डोंगरातला,
उन्हाने पापुद्रे निघालेलं नाक.
ओगुलबिके धावत आली, दोन्ही हात हलवत,
आजी! आजी!

चौदा महिन्यांत
त्याच्या कानावर पडलेला हा पहिलाच शब्द
ज्याचा अर्थ त्याला ठाऊक होता.
पांढरे केस, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं,
बाई आपलं नातं सांगत होती, दुसरं काय?
तो हसला.
"आजी," तो म्हणाला, अगदी नीट, तिच्याकडे बोट करून,
आणि मान लववून ओंजळ तोंडाला लावली.
मग बाकीचे.

तिसऱ्या दिवशी नऊ जण उठले नाहीत.
साहेबाने तारेत लिहिलं: ठिकाण ताब्यात. हवामान प्रतिकूल.
तार पोचली तेव्हा टेबलावर दुसरा नकाशा होता,
त्याचे कोपरे मात्र त्याच दौतींखाली.
थ्रेलफॉलने जुन्या कागदावर, "आहे"पुढे,
पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं,
इतकं फिकट, की काढलं नाही असंही म्हणता यावं.

ओगुलबिके पुढे पुष्कळ वर्षं जगली.
वाटसरू मुक्कामाला आला की ती ही गोष्ट सांगायची,
आणि दर वेळी एकाच जागी अडायची.
न कळून प्यायला असता, तर मी समजले असते, ती म्हणायची.
पण त्याला कळलं होतं.
त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, कडू.
माझ्यापेक्षा स्पष्ट म्हटलं.
हसला,
आणि प्यायला.