घडी मोडताना

खोकं आलं मंगळवारी, भर दुपारी.
एक कोपरा आत गेलेला,
दाढ काढलेल्या गालासारखा.
पोऱ्या म्हणाला, बेन, अहीं सही करो,
आणि मी केली.
सत्तावीस वर्षं पालिकेत
पाणीपट्टीच्या कागदांवर करतेय,
वर काय लिहिलंय ते न बघता.

दांडिया बाजार, तिसरा मजला.
भाजीच्या सुरीने चिकटपट्टी कापली,
नव्या साडीची घडी मोडावी तशी:
आधी कोपऱ्याला कुंकवाचं बोट,
मग एकेक पदर.
थर्मोकोलचे दाणे हॉलभर पळाले.
वरच्या देवस्थळ्यांचा नचिकेत लगेच हजर:
काकू, मोठे तुकडे मला. ज्वालामुखी करायचाय.
ने म्हटलं.

मग सायकल.
चित्रात निळी होती. प्रत्यक्षातही निळीच,
एवढं खरं निघालं.
डावं पेडल लोंबत होतं.
चेनकव्हरवर ओरखडा, मांजराने मुद्दाम काढावा तसा.
आणि मधला सांधा, ज्याचे पैसे मोजले होते,
तो सुरत-भरूचच्या दरम्यान
कोणाच्या तरी फ्रीजखाली बसून आला असावा.
एकदा उघडला
तो मिटेना.

घडीची सायकल, जिची घडी होत नाही.
आधी मी हसले.
मग तिच्या शेजारी फरशीवर बसले
आणि जरा रडले, उगाच.
वेतन आयोगाच्या फरकातली ती पहिली वस्तू,
कोणालाही न विचारता घेतलेली.
आता विचारतील सगळे.

कंपनीतली मुलगी बोलायला गोड.
फोटो पाठवा मॅडम, शेजारी नाणं ठेवून.
पाठवले. पाच रुपयांचं ठेवलं,
पोक किती मोठं ते कळावं म्हणून.
पंधरा दिवसांत बदलून देऊ,
फक्त मूळ खोक्यात हवी,
मूळ थर्मोकोलसकट.
वरच्या मजल्यावर तोवर
लाव्हाला लाल रंग लागला होता.

रावपुऱ्यात जशुभाईंनी तिला उलटी टांगली.
चष्मा कपाळावर, बराच वेळ गप्प.
‘बेन, आ सायकल छे के छत्री?’
छत्रीच समजा, म्हटलं, काडी मोडलीय.
हातोडीच्या तोंडाला त्यांनी
जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली,
निळ्या रंगाला लागू नये म्हणून.
एवढ्या एका गोष्टीवर
माझा कंपनीवरचा अर्धा राग उतरला.
(उरलेला अर्धा जपून ठेवलाय.)
पेडल मिळालं ते हिरवं,
कुठल्याशा शाळकरी सायकलचं.
नव्वद रुपये.
‘बंध नहीं थाय,’ ते म्हणाले, ‘पण तूटशे य नहीं.’

आता पहाटे साडेपाचला
अख्खी सायकल खांद्यावर घेऊन तीन जिने उतरते.
जिन्याखाली जागा नाही,
म्हणून तर घडीची घेतली होती!
पहिल्या मजल्यावरचे टिकेकर दार किलकिलं करतात.
त्यांच्या तोरणात माझं हँडल दोनदा अडकलंय,
दोघांनीही विषय काढलेला नाही.

सुरसागरच्या कठड्याकडेने एक फेरी,
दम उरला तर दुसरी.
सांधा दर पेडलला टक् म्हणतो.
पहिल्या दिवशी वाटलं, आता निखळला.
दुसऱ्या दिवशी वाटलं, मोजतोय काहीतरी.
कालपासून ऐकू येत नाही,
म्हणजे येतो, पण
घरातल्या घड्याळासारखा.

दिवसभर हॉलच्या मध्यात उभी असते,
जायचं नाव न काढणाऱ्या पाहुणीसारखी.
तिच्यावर माझा टॉवेल वाळतो.
येणारे-जाणारे तिला वळसा घालतात
आणि मला म्हणतात, घडीची ना ही? दाखवा की.

कंपनीचा निरोप आलाय:
परत न्यायला माणूस कधी पाठवू?
खाली कारणांची यादी, एकावर टिचकी मारायची:
आवडली नाही. चुकीची आली. तुटकी आली.
दोनदा उघडली, दोनदा मिटली.
हिरव्या पेडलसाठी
रकानाच नाही.