तिसरं माप

सकाळी यल्लव्वा बादली उघडते,
डोकावून विचारते,
"पाहुणे आलेच नाहीत ना, बाई?"
भाताचा गोळा,
हातही न लागलेलं बांगड्याचं हुमण,
वर चार पाव, पोदेराने दिले तसेच.

पाहुणे कुठले.
आमचा रोहिदास तारवावर गेला
त्याला दोन पावसाळे झाले,
हात अजून तिसरं माप घेतो.

वारा फिरला की सोनसोड्याचा धूर
फातोर्ड्याच्या आमच्या गॅलरीत येतो.
मी खिडकी लावते,
पालिकेला शिव्या घालते.

आज नाकाला ओळख पटली.
ह्यात माझाही भात आहे,
ढिगाच्या पोटात कुजून, तापून
पेटलेला.

गॅसवर मी त्याला कधी
साधा करपू दिला नव्हता.