वाजवून घेताना

स्केलेफ्तिओच्या बाहेर, डांबर संपून खडी लागते
तिथे स्तुरेमामाचं भंगार.
ऑक्टोबरची अखेर. दुपारी तीनलाच
उजेड आवराआवर करू लागतो.

मार्चमध्ये तळं पुरतं गोठलं
की बर्फावरून सरळ एक किलोमीटर,
घड्याळाविरुद्ध. तेवढ्यासाठी हिवाळाभर इंजिन बांधायचं,
आणि बांधायचं तर आधी ब्लॉक.

फळीवर तीन मांडलेले, हेड उतरवून,
चार-चार सिलिंडर आभाळाकडे आ वासून.

पहिला अ‍ॅल्युमिनियमचा, नवाकोरा.
मी एकटीनं उचलला
आणि मनातल्या मनात गाडीतून तीस किलो वजा केले.
"उचलायला हलका आहेच," मामा म्हणाला,
"दोन बारचा दाब त्याच्या छातीत भरशील तेव्हा
त्याला काय वाटेल, ते बघ."
मी परत ठेवला. जरा जोरातच.

मामाचे कान ग्राइंडरनं खाल्ले, चाळीस वर्षांत, थोडे थोडे.
तरी ब्लॉक तो वाजवूनच घेतो, मडक्यासारखा.
डावा तळवा लोखंडावर, उजव्यात छोटी हातोडी,
आणि डोळे माझ्या तोंडावर.
"काय म्हणाला?"

दुसरा म्हणाला ठण्णण्ण,
इतका लांब की कोपऱ्यातलं कुत्रं उठून बसलं.
मी हसले. मामाही हसला, माझं बघून.
मग भिंतींना जेल फासून जाडी मोजायचं यंत्र लावलं.
सहा. सहा. पाच पूर्णांक आठ.
तिसऱ्या सिलिंडरच्या उजव्या कुशीला तीन पूर्णांक एक.
ओतताना साच्यातला गाभा सरकला असणार,
कुठल्याशा सोमवारी, कुणाचा तरी हात जरा लवकर निघाला
आणि पस्तीस वर्षं ते कुणाला कळलं नाही.
गाडीलासुद्धा नाही.

उरला तिसरा.
गंजका, पाण्याच्या वाटांत चिखल,
एका कडेला कोळ्यानं संसार थाटलेला.
हातोडी पडली. बद्द.
"बद्द," मी ओरडून सांगितलं. "तडकलाय. पाणी गोठलं असेल आत."
मामा काही बोलला नाही.
साखळी आणली, कप्पीवर घेतला, टांगला,
गोणपाट खाली गळून पडलं, ओलं, जड,
इतका वेळ त्याच्या बुडाशी चिकटलेलं.
"आता."
ठण.
लांब नाही. मधुर तर नाहीच.
एकदा बोलून गप्प बसणाऱ्या माणसासारखा.

सहा पूर्णांक चार. सहा. सहा पूर्णांक दोन. सहा.
मी दोनदा मोजलं.

"कुठली गाडी होती?"
"चर्चची. शवपेट्या न्यायची.
सव्वीस वर्षं, देवळापासून दफनभूमीपर्यंत,
दुसऱ्या गिअरमध्ये.
निघण्याआधी नीट गरम करायचे. तेल वेळेवर.
याला कधी कुणी घाई केली नाही."
मग हातोडी पुसत, पुसून झालेलीच परत पुसत,
"हिल्दुर यातूनच गेली."

मामीचं नाव त्यानं किती दिवसांनी घेतलं
ते मी मोजलं नाही.

पैसे? वजनावर, भंगाराच्या भावानं.
अजून चुंबकी पावडर टाकून चिरा बघायच्यात,
मेन बेअरिंगच्या टोप्या पोलादी करायच्यात,
पृष्ठभाग घासून आरसा करायचाय.
मार्चमध्ये हा सात हजार फेऱ्यांवर किंचाळेल
आणि तळ्याकाठची माणसं कानांवर हात ठेवतील.
मामा नाही ठेवणार.

ट्रेलरवर चढवला, पट्टे आवळले.
रस्ता मोकळा होता, बर्फ अजून पडला नव्हता,
मागे कुणी हॉर्नही देत नव्हतं.
तरी घरापर्यंत
मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही.