मेथीखालचा कॅमेरा

पुंडकर मॅडमनी निघताना बजावलं होतं,
कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लाव.
पट्टा गळ्यात नको, मनगटाला दोन वेढे.
आणि ती दुकानातून मिळालेली बॅग घरीच ठेव,
ती लांबूनच ओरडते,
मी महाग आहे, मी महाग आहे.

म्हणून भायखळ्याच्या मंडईत
सगळ्यात आधी मी मेथीची जुडी घेतली.
'श्री गजानन किराणा, वाशीम' छापलेली नायलॉनची पिशवी,
तळाशी टॉवेल, टॉवेलात कॅमेरा,
वर मेथी, मुळांसकट, मातीसकट.
कॅमेऱ्याचे अठ्ठावीस हप्ते बाकी.
जुडी वीस रुपये, रोख.

गेटवेवर सगळे ताजचा घुमट चिमटीत धरत होते.
तिथले फोटोवाले गळ्यात कॅमेरे उघडे टाकून हिंडतात,
हातात नमुन्यांचा अल्बम,
कोपरे झिजलेला.
एक जवळ आला. मी पिशवी पोटाशी धरली.
त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं,
आणि फोटोचं न विचारता म्हणाला,
"ताई, मेथी कशी दिली?"

त्यानंतर मी कोपरं मोजत चालले.
हे कोपर कॉलेजच्या पोराचं,
हे फुगेवालीचं,
हे कुणाचं कळलं नाही, म्हणून रस्ता ओलांडला.
कुणी वेळ विचारली तर सांगितली नाही.
समुद्र डाव्या हाताला होता.
आवाजावरून सांगते.

दुपारी चोरबाजार.
तिथे जाऊ नको, असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या,
कारण मी जाईन असं त्यांना वाटलंच नव्हतं.
मुर्तुझाभाईंच्या दुकानात
कंदील, टेलिफोनचे चोंगे, एका पायाची बाहुली,
आणि फळीवर ओळीने कॅमेरे,
शाळेच्या फोटोत बसवल्यासारखे.
एक उचलला. जड.
बुडाला दाभणाने कोरलेलं:
दि. मो. आळशी, खामगाव.
अक्षर सावकाश काढलेलं. चोराने वाचावं म्हणून.

"चोरी का नहीं है, बाई," मुर्तुझाभाई काच पुसत म्हणाले,
"घर खाली हुआ, तब आया."

डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.
चामड्याच्या खोळीला एकही ओरखडा नाही.
आकड्याच्या खिडकीत अकरा.
छत्तीसचा रोल, आणि अकरा.
मी हिशेब करायला नको होता, पण केला.
पंचवीस.
पंचवीस कशासाठी ठेवले असतील आळशींनी?
कुणाच्या लग्नासाठी? काश्मीरसाठी?
की नुसतेच,
आपण चांगली साडी ठेवतो तसे?

तेवढ्यात पिशवीला हिसका बसला.
बसलाच शेवटी.
मी ओरडले, मनगट आवळलं, पुंडकर मॅडम आठवल्या,
आणि खाली पाहिलं तर
बकरी.
तपकिरी, एका कानावर पांढरा ठिपका,
अर्धी जुडी तोंडात,
डोळ्यांत कसलीच घाई नाही.
सकाळपासून या शहरात
माझ्या पिशवीला हात घालणारं हे पहिलंच कुणीतरी,
आणि त्याला हवी होती ती फक्त मेथी.

मुर्तुझाभाई "हट्, हट्" करत उठले.
मी म्हटलं, राहू द्या.
टॉवेल सोडला.
झाकणाच्या खाचेत माती गेली होती, फुंकून काढली.
बकरी, मागे कंदील, फळीवरचे आळशी,
आणि अर्धवट उठलेले मुर्तुझाभाई,
एक हात हवेत.
खटक.
मग ते नीट बसले, टोपी सारखी केली,
"अब एक अच्छा वाला," म्हणाले.
तोही काढला. पण पहिलाच बरा आलाय.

खरं सांगायचं तर मनगटाचे दोन वेढे
मी तेव्हाही सोडले नव्हते.
चिकटपट्टीही अजून आहे.
आज रात्री लॉजवर मोजले, एकतीस फोटो.
पिशवी रिकामी, तळाशी एक देठ.
उद्या समुद्राकडे जाईन म्हणते.